कोरड्या समुद्राचा इतिहास

पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ऐकवणाऱ्याचा रोख पुष्कळदा पोहण्यावर नसतो, लग्नावर किंवा नोकरीवर असतो. तरी पोहण्यापुरते ते खरे आहे. पोहण्याच्या अगदी शेजारची विद्या म्हणजे शिडाची होडी हाकणे. ती मात्र गेल्या वीस-बावीस वर्षांत पुष्कळ माणसे पायाचा अंगठाही न भिजवता शिकली. त्यांच्या होड्या लाकडाच्या नव्हत्या, समुद्र पाण्याचा नव्हता आणि वाराही कुठे वाहत नव्हता. संगणकाच्या पडद्यावर हे सारे होते आणि पडद्यामागे केवळ गणित होते. या समुद्रावर मीही काही महिने शीड उभारून फिरलो आहे. त्या फिरण्यात मला जो आनंद मिळाला त्याचे वर्णन करण्याचा माझा विचार नाही. मला कुतूहल आहे ते इतिहासाच्या अभ्यासकाचे. असा समुद्र माणसाने का निर्माण केला, त्यावर कोणती विद्या शिकता येते आणि ती विद्या म्हणावी काय, एवढेच प्रश्न मी येथे घेतो.

पहिली गोष्ट ही, की खोट्या पाण्याची कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. विल्यम फ्रूड नावाचा एक इंग्रज अभियंता एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नामागे लागला होता, की लहान नमुन्यावरून मोठ्या जहाजाचे वागणे सांगता येईल काय. जाणत्या लोकांचे मत बहुधा विरुद्ध होते. फ्रूडने १८७०च्या दशकाच्या आरंभी, ब्रिटिश नौदलाच्या पैशाने, टॉर्क्वे येथे आपल्या घराजवळ एक लांब हौद बांधला आणि त्यातून मेणाचे नमुने ओढून नियम सिद्ध केला. नमुना आणि जहाज यांच्या वेगांचे प्रमाण त्यांच्या लांबीच्या वर्गमुळाइतके ठेवले, तर दोघांनी उठवलेल्या लाटा सारख्या दिसतात. हौदातले पाणी खरेच होते. पण समुद्र म्हणून ते खोटे होते. त्या खोट्या समुद्राने खऱ्या जहाजांना आकार दिला.

दुसरा पूर्वज समुद्रावरचा नाही, आकाशातला आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक हा वाद्ये बनविणाऱ्या कारखानदाराचा मुलगा होता. विमान चालवायला शिकणे फार महाग पडते, म्हणून त्याने वडिलांच्या कारखान्यातले भाते आणि हवेच्या नळ्या घेतल्या आणि १९२९ साली जमिनीवरच डुलणारे, कलणारे एक लहान विमान तयार केले. आपल्या पेटीच्या भात्याचीच ही भावंडे! आरंभी जत्रेतले खेळणे म्हणून लोकांनी त्याकडे पाहिले. १९३४ साली अमेरिकन लष्कराकडे हवाई टपालाचे काम आले आणि धुक्यात-अंधारात वैमानिक मरू लागले, तेव्हा त्याच लष्कराने ही खेळणी विकत घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धात असंख्य वैमानिकांची पहिली शाळा हीच होती. खेळणे आणि शाळा यांतले अंतर किती थोडे असते आणि ते ओलांडायला किती प्राण खर्ची पडावे लागतात, हे या हकीकतीवरून दिसते.

तिसरा पूर्वज फ्रान्समध्ये ग्रेनोबलजवळ पोर्ट रेव्हेल येथे आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, डोंगरांच्या पायथ्याशी एका तळ्यात १९६७ सालापासून प्रचंड तेलवाहू जहाजांचे कप्तान शिकायला येतात. तेथील जहाजे मूळ जहाजांच्या पंचविसाव्या हिश्शाएवढी असतात आणि त्यांत कप्तान स्वतः बसतो. फ्रूडचा नियम येथे वेगळीच गंमत करतो. लांबी पंचविसावा हिस्सा झाली की वेळ पाचवा हिस्सा होतो. बंदरात शिरण्याचे जे काम समुद्रावर अर्धा तास चालते, ते तळ्यात सहा मिनिटांत उरकते. म्हणजे विचार करायलाही पाचव्या हिश्शाएवढाच अवकाश! तळ्यावर शिकून गेलेल्या कप्तानाला खरा समुद्र संथ वाटला तर नवल नाही.

ही वंशावळ सांगण्याचे कारण एवढेच, की पुढे जे घडले ते आकाशातून पडले नाही. नवीन एवढेच होते, की या वेळी शाळा कोणी उघडली नव्हती. ती विद्यार्थ्यांनीच उभारली.

२००३ सालच्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या 'लिंडेन लॅब' या कंपनीने 'सेकंड लाइफ' नावाचे एक ऑनलाइन जग लोकांना खुले केले. फिलिप रोझडेल हा त्याचा प्रवर्तक. या जगात जिंकायचे काही नव्हते आणि हरायचेही काही नव्हते. कंपनीने जमीन, पाणी आणि आकाश दिले. घरे, कपडे, झाडे, वाहने रहिवाशांनी स्वतः घडवायची होती. सारी भूमी २५६ मीटर लांब व तेवढ्याच रुंद चौकोनांत वाटलेली. दिवस चार तासांचा. त्यात तीन तास उजेड आणि एक तास रात्र. समुद्राची सपाटी सर्वत्र सारखी, वीस मीटर उंचीवर आखलेली. पडद्यावर लाटा हलताना दिसतात. पण होडीखालचे पाणी आरशासारखे सपाट. ना भरती, ना ओहोटी. कोळ्याच्या पोराला दाखवले तर तो म्हणेल, हा समुद्र नव्हे, हे तळेही नव्हे, ही फरशी आहे.

या फरशीवर शिडाची होडी चालवायची कोणाला सुचली असेल? यंत्राची होडी सोपी होती. कळ दाबली की पुढे. शिडाला वारा लागतो. त्या जगात वारा होता, पण तो झाडे डोलवण्यापुरता, घटकेत इकडचा आणि घटकेत तिकडचा. म्हणून पहिल्या होड्या बांधणाऱ्यांनी एक धाडसी तोड काढली. वारा त्यांनी समुद्रात न ठेवता होडीत ठेवला. होडीच्या पोटात एक आज्ञावली असते. वारा अमुक दिशेने अमुक वेगाने वाहतो आहे असे ती धरून चालते. नाळ कुठे वळली आहे आणि शीड किती सैल आहे ते ती क्षणोक्षणी पाहते आणि त्यावरून होडीला वेग देते. शेजारून जाणाऱ्या दोन होड्यांचे वारे निराळे असू शकत. शर्यती सुरू झाल्या तेव्हा हे चालेना. मग सर्व होड्यांना एकच वारा कळवणारे साधन रहिवाशांनीच तयार केले. वाऱ्याची दिशा सर्वांनी मिळून ठरवायची, हा अनुभव खऱ्या दर्यावर्दीच्या वाट्याला कधी आला नसेल.

शिकण्याची तऱ्हा अशी. त्या काळी 'टाको' नावाची एक छोटी होडी पुष्कळांची पहिली शाळा ठरली. होडीत बसायचे, शीड उभारण्याची आज्ञा टंकायची. डाव्या-उजव्या बाणांनी सुकाणू आणि वर-खालच्या बाणांनी शिडाची दोरी. साधने एवढीच. मला शिकवणारे गृहस्थ माझ्याच होडीत मागे बसत. पहिल्या दिवशी त्यांनी मला एकच काम दिले: नाळ थेट वाऱ्याच्या तोंडाशी न्यायची. नेली. शीड फडफडले आणि होडी उभी राहिली. मग त्यांनी नाळ थोडी थोडी वळवायला लावली. साधारण चाळीस-पंचेचाळीस अंशांवर शिडात पोट आले आणि होडी चालू लागली. वाऱ्याच्या दिशेचे बंदर गाठायचे तर आधी एका अंगाला तिरके जावे, मग शीड पालटून दुसऱ्या अंगाला, अशी नागमोडी चाल धरावी. आपल्या तांडेलांना जे शतकानुशतके ठाऊक होते ते मला माझ्या खोलीत, पंख्याखाली बसून कळले.

दुसरा धडा याहून सूक्ष्म होता. होडी चालू लागली की तिच्यावरच्या माणसाला लागणारा वारा बदलतो. समजा, वारा बरोबर आडवा, बारा नॉटचा आहे आणि होडी पाच नॉटने चालली आहे. तर होडीतल्या माणसाला वारा आडवा लागत नाही. तो पुढून, नाळेपासून सुमारे सदुसष्ट अंशांवरून येतो आणि त्याचा वेग तेरा नॉट भरतो. पायथागोरसचा काटकोन त्रिकोण शाळेत मी अनेकदा गिरवला होता. पाच, बारा, तेरा हे आकडे तोंडपाठ होते. पण त्या त्रिकोणात बसून मी कधी प्रवास केला नव्हता. शीड लावायचे ते खऱ्या वाऱ्याला नव्हे, या जाणवणाऱ्या वाऱ्याला; आणि तो तर आपल्याच चालण्याने बदलत राहतो. हे एकदा हाताला कळले की शिडाची निम्मी विद्या आली.

असा समुद्र निर्धोक असेल असे वाटते. तसे नाही. त्याचे खडक पाण्याखाली नसतात, चौकोनांच्या शिवेवर असतात. प्रत्येक चौकोनाचा कारभार संगणकाचा स्वतंत्र भाग पाहतो. होडी शीव ओलांडते तेव्हा होडी, तिच्यातली माणसे, शिडाची अवस्था, वारा, सारे बोचके बांधून पुढच्या कारभाऱ्याच्या हवाली करावे लागते. त्या क्षणार्धात काही सांडले, तर होडी एकीकडे आणि खलाशी दुसरीकडे. कधी दोघेही नाहीसे. सेकंदाला सहा मीटर वेगाने जाणारी होडी दर बेचाळीस-त्रेचाळीस सेकंदांनी अशी एक शीव ओलांडते. त्यातून रिवाज तयार झाले. शीव काटकोनात ओलांडावी. चौकोनाच्या कोपऱ्यावरून जाऊ नये, कारण तेथे लागोपाठ दोन हवाल्या होतात. शिवेवर असताना दोरीला हात लावू नये. अंगावरचे जड दागिने आणि भारी पोशाख आधीच उतरवून ठेवावे. हे शेवटचे वाचून हसू येते; पण त्या दागिन्यांतही आज्ञावली असतात आणि बोचके जड होते. हे कोणा अधिकाऱ्याने शिकवले नव्हते. बुडालेल्यांनी मागून येणाऱ्यांना सांगितले. समुद्रावरची बरीचशी शहाणपणाची वाक्ये अशीच जन्माला आली असली पाहिजेत.

पुढे कंपनी आणि खाजगी बेटांचे मालक यांनी मिळून चौकोन एकाला एक जोडले आणि सलग मोठे पाणी तयार केले. त्याला 'ब्लेक सी' असे नाव मिळाले, ते न्यूझीलंडचे दर्यावर्दी सर पीटर ब्लेक यांच्या स्मरणार्थ. १९८९-९० च्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत ब्लेक यांनी प्रत्येक टप्पा जिंकला होता. १९९५ आणि २००० साली अमेरिकाज कप त्यांच्या नेतृत्वाखाली न्यूझीलंडकडे आला व राहिला. आणि डिसेंबर २००१ मध्ये ॲमेझॉनच्या मुखाशी चाच्यांच्या गोळीने त्यांचा अंत झाला. खऱ्या समुद्रावर मेलेल्या माणसाचे नाव खोट्या समुद्राला द्यावेसे वाटले, यात मला त्या रहिवाशांची मनोवृत्ती दिसते. आपण खेळ खेळत आहोत असे त्यांना वाटत नव्हते.

हे रहिवासी कोण? इतिहासकाराची येथे पंचाईत होते. सगळी नावे टोपणनावे. मला शिकवणारे गृहस्थ कोणत्या देशाचे, पुरुष की स्त्री, हेही मला ठाऊक नाही. त्यांनी वल्हवलेल्या शब्दांवरून वय पिकलेले असावे एवढाच तर्क. टॉम बेलस्टॉर्फ या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने मात्र या जगात दोन-अडीच वर्षे राहून, एखाद्या बेटावरच्या जमातीचा करावा तसा अभ्यास केला आणि २००८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे असे, की येथली नाती आणि येथले शिक्षण ही खऱ्याची नक्कल म्हणून पाहू नयेत. ती आपल्या जागी खरी आहेत. पुढे त्याने अपंग रहिवाशांचाही अभ्यास केला. ज्याचे हात थरथरतात, ज्याला खुर्चीतून उठता येत नाही, त्याच्यासाठी होडीत चढणे हेच अशक्य असते. त्याला वाऱ्याचा त्रिकोण समजून घेण्याचा अधिकार नाही काय? समुद्रापासून हजार मैलांवर राहणाऱ्याला, होडी विकत घेण्याची ऐपत नसलेल्याला नाही काय? शिडाचा छंद जगभर श्रीमंतांच्या क्लबांत कोंडला गेला होता. या फरशीने त्याचे दार किलकिले केले, हे मान्य करावे लागते.

याच सुमारास फ्रान्समध्ये दुसरी एक परंपरा वाढत होती. 'व्हर्च्युअल रेगाटा' या खेळात माणसे पडद्यावरून जगप्रदक्षिणा करतात; पण तेथला वारा कल्पित नसतो, अमेरिकन हवामान खात्याच्या अंदाजाचे आकडे त्यात भरलेले असतात. 'व्हांदे ग्लोब' ही एकट्याने, न थांबता जगप्रदक्षिणा करण्याची शर्यत २०२० च्या नोव्हेंबरात सुरू झाली, तेव्हा खऱ्या समुद्रावर तेहतीस नौका होत्या आणि पडद्यावर दहा लाखांहून अधिक. त्या वर्षी महामारीने बंदरे बंद केली होती हेही ध्यानात घ्यावे. जागतिक शीडनौका संघटनेने २०१८ पासून या खेळाचे जगज्जेतेपद ठेवले आणि २०२१ साली ऑलिंपिकच्या आभासी मालिकेत पाच खेळांपैकी एक म्हणून त्याला स्थान मिळाले. एका परंपरेत वारा कल्पित आणि सोबत खरी. दुसरीत वारा खरा आणि सोबत आकड्यांची.

आता विरुद्ध पक्ष. कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून 'म्हादेई' या ५६ फुटी नौकेतून एकटे निघाले आणि चार बंदरे घेत मे २०१० मध्ये परत आले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. ही विद्या त्यांनी पडद्यावर मिळवली नाही. १९६८-६९ साली प्रथम एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या हाताखाली त्यांनी काही काळ उमेदवारी केली. जुन्या भाषेत गुरुगृही राहिले. दक्षिण महासागरातली थंडी, तुटक झोप, ओले कपडे आणि आठवडेच्या आठवडे माणसाचे दर्शन नाही. यांतले काहीही सपाट फरशी शिकवू शकत नाही. भीती शिकवू शकत नाही, ही तिची सर्वांत मोठी उणीव. ज्याला बुडण्याची भीती नाही त्याला नांगराची किंमत कळत नाही.

हे सारे मान्य करूनही मी खोट्या समुद्राची बाजू सोडत नाही. कारण गुरुगृही जायचे तर गुरू हयात असावा लागतो. आपल्या कोकणपट्टीवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होड्यांना यंत्रे बसली आणि शीड गेले. मतलई वाऱ्यावर पहाटे बाहेर पडावे आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परतावे, हे वेळापत्रक ज्यांच्या अंगात होते ती पिढी आता थकली आहे. त्यांच्या शिडाची तऱ्हाही वेगळी. आडवी लांब काठी तिरकी टांगलेली. बाजू पालटायची तर ती काठी डोलकाठीच्या एका अंगाहून दुसऱ्या अंगाला न्यावी लागे. म्हणून अशी गलबते पुष्कळदा वाऱ्यासमोरून न वळता वाऱ्याकडे पाठ करून वळत. इंग्रजी पुस्तकातून शिकलेल्याला ही चाल उलटी वाटते. त्या आभासी समुद्रावर युरोप-अमेरिकेच्या नाना जातींच्या शर्यती नौका मी पाहिल्या. शिडाचे गलबत माझ्या नजरेस पडले नाही. ते बांधायचे तर कोणीतरी आधी एखाद्या म्हाताऱ्या तांडेलापुढे बसून विचारले पाहिजे, की काका, काठी पालटताना आधी कोणती दोरी सोडायची? आज्ञावलीला मोघम उत्तर चालत नाही. ती क्रम मागते, अंश मागते, वेळ मागते. लिहून ठेवलेल्या वर्णनात जे निसटते ते येथे निसटू शकत नाही. निसटले तर होडी चालतच नाही.

गुरू नाहीसे झाल्यावर काय करावे लागते याचे उदाहरण ताजे आहे. अजिंठ्याच्या चित्रातल्या, पाचव्या शतकातल्या जहाजावरून भारतीय नौदलाने एक शिवलेले जहाज बांधवले. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या, चौकोनी शिडे, सुकाणूच्या जागी मोठी वल्ही. काम झाले गोव्यात, ज्या रत्नाकर दांडेकरांनी 'म्हादेई' बांधली त्यांच्याच देखरेखीखाली. शिवणारे कारागीर केरळचे. चित्रावरून जहाजाची रेषा कळते, वागणे कळत नाही. ते जहाज पाण्यात कसे वागेल हे जाणणारा कोणीही जिवंत नव्हता. तेव्हा मद्रासच्या आयआयटीत त्याचा नमुना करून पाण्यावर तपासला गेला. टॉर्क्वेच्या हौदाची ही दीडशे वर्षांनंतरची पतवंडे! 'कौंडिण्य' या नावाने ते जहाज मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाले, डिसेंबरअखेर पोरबंदरहून निघाले आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले. दीड हजार वर्षांच्या विस्मृतीतून ज्या वाटेने परत यावे लागले, तिच्यावरचा एक टप्पा खोट्या पाण्याचाच होता.

राहिला एक धोका, आणि तो इतिहासाच्या अभ्यासकाने सांगितलाच पाहिजे. स्वीडनचे 'वासा' हे जहाज १६२८ साली पहिल्याच सफरीत बुडाले. १९६१ साली ते वर काढले तेव्हा फळ्या, तोफांची दारे, खलाशांची पादत्राणेसुद्धा मिळाली. उलट, गूगल कंपनीने 'लाइव्हली' नावाचे असेच एक जग जुलै २००८ मध्ये उघडले आणि त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला बंद केले. त्याची फळी कुठे सापडायची? खऱ्या समुद्रात बुडालेले शोधता येते. कोरड्या समुद्राचा मालक दिवा मालवून गेला की तळही उरत नाही. तेव्हा गलबत तेथे बांधावे जरूर; पण त्याची आज्ञावली, तांडेलाचे बोलणे आणि दोऱ्यांची नावे कागदावर उतरवून आपल्या ग्रंथालयांतही ठेवावीत. एका कंपनीच्या भरवशावर कोकणचा वारा ठेवू नये.

पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे खरेच राहील. पण कोठे पडायचे हे सांगणारा माणूस काठावर उभा असेपर्यंतच त्या म्हणीला अर्थ आहे. रत्नागिरी-मालवणच्या बाजूला तो अजून कोठे कोठे उभा आहे. त्याच्याशी बोलायला जाणाऱ्याने वही न्यावी, आणि जमल्यास त्या वहीतले गणित करणारा एखादा तरुणही बरोबर न्यावा.